प्रशिक्षणानंतरच्या पहिल्या वर्षासाठी पैसे मागा

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षांपासून नैरोबीत राहतो. मचाकोसच्या पुढे एका गावात, चर्चच्या आवारात, अंध तरुण-तरुणींना हस्तकला शिकवणारं एक छोटं केंद्र आहे. घायपाताच्या वाखाच्या टोपल्या, चटया, दोर आणि मशीनवरचे स्वेटर असं काम तिथे शिकवतात. आमच्या घरी मदतीला येणाऱ्या बाईंचा पुतण्या तिथे शिकतोय, म्हणून आमचं जाणं झालं. बाहेरून येणारी मदत आटल्यामुळे नवी तुकडी घेता येईल की नाही, अशी तिथे काळजी आहे. इथल्या मराठी कुटुंबांनी मिळून दिवाळीच्या सुमारास निधी गोळा करायचं ठरवलंय. डोळ्यांवर पट्टी बांधून जेवणाचा कार्यक्रम, केंद्रातल्या मुलांची गाणी, एक व्हिडिओ आणि पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन, असं डोक्यात आहे. पण नातेवाईक विचारतात, "आपल्याकडे अंध कमी आहेत का?" आणि आमच्यातले एक काका म्हणाले, "टोपल्या विणून आजच्या काळात कुणाचं पोट भरतं?" दोन्ही प्रश्नांना मला नीट उत्तर देता आलं नाही. पैसे मागावेत कसे?
— एक वाचक, नैरोबी

ताई,

सुरुवात काकांच्या प्रश्नापासून करते. तो ऐकायला कडू असला तरी अगदी बरोबर आहे, आणि तुमचं सगळं आवाहन त्याच्याच उत्तरावर उभं राहणार आहे.

तुम्ही राहता त्या भागात टोपली विणणं ही नवलाई नाही. किओंडो, म्हणजे वाखाची विणलेली टोपली, ही तिथल्या कांबा आणि किकुयू समाजांतल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची कला. मांडीवर वाख वळायचा, तळापासून गोल गोल विणत वर यायचं, आणि हे सगळं शेतावर जाता-येता, बाजारात बसल्या बसल्या चालू. म्हणजे केंद्रातून शिकून बाहेर पडलेली अंध मुलगी टोपली घेऊन गावच्या बाजारात बसते, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना तितकीच चांगली टोपली विणणाऱ्या डोळस बायका बसलेल्या असतात. गावात माल उचलणारा दलाल तिला भाव पाडूनच देतो, कारण नैरोबीच्या मासाई मार्केटमध्ये ती टोपली कितीला जाते हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. अशा वेळी "आम्ही त्यांना कला शिकवली" एवढ्यावर केंद्राचं काम संपलं, तर काकांचं म्हणणं खरं ठरतं.

अंधांच्या हस्तकला प्रशिक्षणाचं काम मी पुण्यात बरीच वर्षं जवळून पाहिलंय आणि पूर्व आफ्रिकेत असं काम करणाऱ्यांशीही माझं बोलणं होत असतं. गाडी अडते ती दोन्हीकडे एकाच जागी. प्रशिक्षणाचे महिने चांगले जातात. जेवणखाण असतं, सोबत असते, शिक्षक असतात, हातात काम असतं. मग एक छोटा समारंभ होतो, प्रमाणपत्र मिळतं आणि माणूस घरी जातो. घरी मशीन नसतं, लोकर नसते, बाजारापर्यंत नेणारं कुणी नसतं. शिकलेला हात वर्षभरात रिकामा बसतो आणि घरचे म्हणतात, बघा, आम्ही म्हणालोच होतो. देणगीदारांना मात्र नवी तुकडी बसलेली दिसते आणि सगळं छान चाललंय असं वाटतं.

म्हणून माझा सल्ला असा, की नव्या तुकडीसाठी पैसे मागू नका. शिकून घरी गेलेल्यांच्या पहिल्या वर्षासाठी मागा. केंद्राला हे आधी थोडं विचित्र वाटेल, कारण देणगीदार नेहमी 'किती जणांना शिकवलं' एवढंच विचारत आलेत. पण केंद्र चालवणारी माणसं मनापासून काम करत असतील, तर ही अडचण तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असेल.

आधी एक काम करा. गेल्या दोन-तीन वर्षांत शिकून गेलेल्यांची नावं केंद्राकडून घ्या आणि त्यांतल्या काही जणांना स्वतः फोन लावा. स्वाहिली जमत नसेल तर तुमच्या घरच्या बाईंना शेजारी बसवा, त्या कांबा असतील तर फारच छान. आज काय करता, मशीन आहे का, शेवटची वस्तू कधी विकली, कुणाला विकली, पैसे किती मिळाले, हे विचारा. ज्याचं बरं चाललंय त्याचं का चाललंय, हे जास्त खोदून विचारा. माझ्या अंदाजाने उत्तरांत कलाकुसरीपेक्षा गिऱ्हाइकाचं नाव आधी येईल. कुणी म्हणेल, आमच्या गावच्या शाळेचे स्वेटर मी करतो. केनियातल्या शाळांना गणवेशाचे स्वेटर दर वर्षी लागतात, रंग ठरलेला, मापं ठरलेली, मागणी पक्की. मशीनवर विणकाम शिकलेल्या अंध माणसासाठी याहून सरळ धंदा क्वचितच असेल. कुणी चटया नाहीतर गुरांचे दोर विकत असेल, कारण ते गावातच खपतात. आणि ज्यांचा हात खरोखर बारीक आहे, अशा थोड्यांनीच नैरोबीच्या गिऱ्हाइकासाठी किओंडो करावा. रंगीत लडी ओळखू याव्यात म्हणून प्रत्येक रंगाला वेगळी गाठ मारायची, नक्षी फेऱ्या मोजून बोटांवर ठेवायची, अशी कामाची शिस्त त्यांनी बसवलेली असते. ती बघायला मिळाली तर जरूर बघा.

पहिल्या वर्षाचा खर्च यातूनच मांडता येईल. एका माणसाला काय लागतं? ज्याचं काम विणकामाचं आहे त्याला मशीन, सुट्या सुयांसकट. पहिल्या दोन-तीन ऑर्डरी पुऱ्या होतील इतकी लोकर किंवा वाख. पांढरी काठी आणि ती घेऊन स्वतः बाजारापर्यंत जाता येईल इतका सराव. मोठेपणी दृष्टी गेलेल्या माणसाला हा सराव विणकामाच्याही आधी द्यायला हवा, नाहीतर तो कायम कुणाच्या तरी हाताला धरून राहतो. बोलणारा साधा अँड्रॉइड फोन, म्हणजे आवाजी निरोपावर ऑर्डर घेता येते. मटाटूचं, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसचं, भाडं. आणि केंद्रातल्या शिक्षकाने वर्षातून काही वेळा घरी जाऊन काम तपासायचं, मशीन बिघडलं असेल तर दुरुस्त करायचं, त्याचा प्रवासखर्च आणि मेहनताना. हा शेवटचा खर्च देणगीदारांना फारसा आवडत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. त्यासाठी ठामपणे मागा. बंद पडलेलं मशीन कोपऱ्यात धूळ खात असतं, ते बहुतेक एका सुईपायी.

यादीत आणखी एक गोष्ट घाला आणि तिला सगळ्यात वर ठेवा : प्रत्येकाची डोळ्यांची तपासणी. आफ्रिकेतलं पुष्कळसं अंधत्व टाळता येण्याजोगं किंवा बरं होण्याजोगं असतं. मोतीबिंदू तर साध्या शस्त्रक्रियेने जातो. 'अंध' म्हणून वर्षानुवर्षं घरी बसलेल्या माणसाला नेत्रतज्ज्ञाने कधी पाहिलेलंच नाही, असं खेड्यापाड्यांत घडतं. तुमच्या जवळच किकुयू नावाच्या गावी मोठं नेत्र रुग्णालय आहे, नैरोबीत लायन्स क्लबच्या साइटफर्स्ट उपक्रमातून उभं राहिलेलं रुग्णालय आहे. एक दिवस बस करून सगळ्यांना तपासून आणा. कुणाची दृष्टी परत आली तर त्याहून आनंदाचं काय. ज्यांना थोडं दिसतं त्यांना योग्य भिंग मिळालं तरी कामात फरक पडतो. केंद्रात अल्बिनिझम (त्वचेत, केसांत, डोळ्यांत रंगद्रव्य जन्मतःच फार कमी) असलेली मुलं असतील, तर त्यांना विणायला सावलीची जागा, रुंद काठाची टोपी आणि उन्हापासून जपणारं मलम लागतं. हे मलम तिथल्या दिव्यांगांच्या राष्ट्रीय परिषदेकडून मोफत मिळतं. केंद्राने नावं नोंदवली आहेत का, विचारा.

आता कार्यक्रमाबद्दल. डोळ्यांवर पट्टी बांधून जेवण करू नका. तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतं. पण अचानक पट्टी बांधलेल्या माणसाला कळतो तो फक्त पहिल्या काही मिनिटांचा गोंधळ आणि भीती. अंध माणूस तसा जगत नसतो. त्याने वर्षानुवर्षं कमावलेलं कसब त्या अर्ध्या तासात कुणालाच दिसत नाही. पाहुणे घरी जाताना 'बापरे, किती कठीण' एवढंच घेऊन जातात, आणि अशा माणसाला कुणी शाळेच्या स्वेटरांची ऑर्डर देत नाही. मुलांना गाणी म्हणायला लावणंही टाळा. त्यांच्यातल्या कुणाला गायची हौस असेल तर गोष्ट वेगळी, पण ते विणायला शिकतायत, तर त्यांचं विणकाम लोकांपुढे येऊ द्या.

त्याऐवजी शिकून कमावत असलेल्या दोघा-तिघांना कारागीर म्हणून बोलवा. त्यांना येण्या-जाण्याचं भाडं आणि दिवसभराचा मोबदला द्या. तुमच्या मुलांना त्यांनी वाख वळायला शिकवावं. मांडीवर वाख वळायला बसलं की पाच मिनिटांत लक्षात येतं, या कामाला किती हात बसावा लागतो. शेजारी मशीन लावा, चालू द्या. आणि एका टेबलावर ऑर्डरीची वही ठेवा. माझ्या मते त्या संध्याकाळची सगळ्यात महत्त्वाची वस्तू ती वहीच. देणगीच्या डब्याला मी दुसरा मान देईन.

दिवाळी आहेच, तर फराळ यंदा किओंडोत घालून द्या की! तुम्ही सगळी घरं मिळून आणि नवऱ्यांच्या कचेऱ्यांतल्या भेटी धरून चांगली मोठी ऑर्डर होईल. मात्र ती आत्ता द्या, निम्मे पैसे आगाऊ देऊन. हाताने विणलेल्या एका टोपलीला कितीतरी दिवस लागतात, दिवाळीच्या आठवड्यात मागून ती मिळत नाही. भाव करताना घासाघीस नको, पण वस्तू नीट पारखून घ्या. शिवण उसवलेली असेल तर परत करा आणि का परत करतोय ते सांगा. हे मी अगदी गंभीरपणे लिहितेय. अंध कारागिरांच्या मालाचे स्टॉल मी पुण्यात खूप पाहिलेत. लोक 'बिचाऱ्यांनी केलंय' म्हणत घेतात, घरी कपाटात टाकतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा फिरकत नाहीत. महाबळेश्वरच्या भावेश भाटियांचं उदाहरण नातेवाइकांना सांगता येईल. दृष्टी गेल्यावर ते मेणबत्त्या करायला शिकले, १९९४ मध्ये त्यांनी 'सनराइज कँडल्स' सुरू केलं आणि पुढे कितीतरी अंध माणसांना त्यातून काम मिळालं. त्यांचा माल मोठमोठ्या कंपन्यांनी घेतला तो चांगला आणि वेळेवर मिळतो म्हणून. दयेपोटी वर्षानुवर्षं ऑर्डर कुणी देत नाही.

व्हिडिओ करा, पण करुण संगीत नको. माणूस काम करताना दिसू दे, त्याचा आवाज ऐकू दे, तो काय विकतो आणि त्याला काय हवंय ते त्यानेच सांगू दे. फोटो किंवा चित्रीकरण दाखवण्याआधी त्याला ते शब्दांत वर्णन करून सांगा : तू बाकावर बसला आहेस, मागे भिंत आहे, शर्टाची कॉलर फाटलेली दिसतेय, हे पुण्यात-नाशकात लोक पाहणार आहेत, चालेल का? नाही म्हणाला तर तो फोटो काढून टाका. केनियात २०१९ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं.

पैशाच्या व्यवहाराबद्दल थोडक्यात. केंद्राची नोंदणी कशाखाली आहे ते विचारा आणि कागद पाहा. सार्वजनिक लाभ संस्थांचा नवा कायदा तिथे २०२४ मध्ये लागू झालाय. लहान गट असेल तर त्याची नोंद समाजविकास कार्यालयात असते. एम-पेसावर, म्हणजे तिथल्या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेवर, पैसे घेणार असाल तर कुणाच्या वैयक्तिक नंबरावर मुळीच नकोत, केंद्राच्या नावाचा पेबिल क्रमांक (संस्थेच्या नावे पैसे जमा होणारा क्रमांक) घ्या. तुमच्या ओळखीच्या घरांपुरतं ठीक आहे, पण मॉलमध्ये किंवा रस्त्यावर डबा फिरवायचा असेल तर परवाना लागतो, तो आधी काढा. हरांबीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून हातभार लावण्याच्या, परंपरेमुळे वर्गणी मागणं तिथे कुणाला परकं नाही. शाळाच्या शाळा लोकांनी तशा उभ्या केल्यात. तेव्हा फक्त मराठी घरांपुरतं न राहता शेजारच्या केनियन कुटुंबांनाही बोलवा.

खर्चावर देखरेख करणारी एक छोटी समिती नेमा आणि तिच्यात निदान दोन जण केंद्रातून शिकून गेलेले अंध कारागीर असू द्या, मत देण्याच्या अधिकारासह. हिशेब दर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायचा. कुणाला मशीन आधी द्यायचं, कोण ते विकून टाकण्याची शक्यता आहे, कुणाच्या घरचे पैसे काढून घेतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा पुष्कळ चांगलं कळतं. आणि हा अधिकार त्यांचाच आहे. १९५० मध्ये लंडनमध्ये जी संस्था निघाली आणि आज साइटसेव्हर्स म्हणून ओळखली जाते, तिचे संस्थापक सर जॉन विल्सन यांची दृष्टी वयाच्या बाराव्या वर्षी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेली होती. आफ्रिका-आशियातल्या लाखो लोकांचे डोळे वाचवणारं काम त्यांनी उभं केलं. अंध माणूस कायम घेणाऱ्याच्या जागी बसलेला असतो, हे चित्र मुळातच खोटं आहे.

भारतातल्या नातेवाइकांचे पैसे तुमच्या पुण्याच्या खात्यात गोळा करून पुढे पाठवू नका. ज्याला द्यायचंय त्याने आपल्या बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, थेट केंद्राच्या खात्यात देणगी पाठवावी. एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्याला अडवणार नाही. या देणगीवर ८०जीची करसवलत मिळत नाही, हे आधीच सांगा. नंतर कळलं की माणसं नाराज होतात. आणि इथल्या एखाद्या ओळखीच्या ट्रस्टमधून पैसे वळते करू असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. भारतातल्या ट्रस्टला परदेशात खर्च करायला आयकर खात्याची परवानगी लागते. खरं सांगायचं तर भारतातून येणारी रक्कम लहानच राहील. तुमचा भर नैरोबीवर असू द्या.

त्यातूनच नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. आपल्याकडे अंध कमी नाहीत. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं काम १९५२ पासून चालू आहे, पुण्यात, नाशकात संस्था आहेत, आणि पुण्यात राहणाऱ्याने पुण्यातल्या संस्थेला दिलं तर मला त्यात काहीच गैर वाटत नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. पण तुमची चूल नैरोबीत पेटते. तुमचं घर सांभाळणाऱ्या बाई कांबा भागातून येतात, त्यांच्या घरातला मुलगा तिथे शिकतोय. त्याच्याबद्दल तुम्ही नाही तर कोण विचार करणार? हे नातेवाइकांना सरळ शब्दांत सांगा. ज्यांना पटेल ते देतील.

केंद्राच्या लोकांना सुचवायला माझ्याकडे आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या निधीहून मोठी ठरू शकते. केनियात सरकारी खरेदीचा ३० टक्के वाटा तरुण, स्त्रिया आणि दिव्यांग यांच्या उद्योगांसाठी राखीव आहे. २०१३ पासून ही योजना चालू आहे. शिकून गेलेल्या आठ-दहा जणांनी गट करून रीतसर नोंदणी केली, तर सरकारी शाळा, दवाखाने, काउंटीची (तिथल्या जिल्ह्याची) कार्यालयं यांच्या चटया, झाडू, स्वेटरांच्या निविदा त्यांना भरता येतात. अडचण येते ती कागदपत्रांची. अर्ज संगणकावर, करखात्याचा दाखला, बँकेची कागदं. तुमच्यात कुणी हिशेबनीस किंवा वकील असेलच. त्याने चार शनिवार या कामाला दिले, तर ते मोठ्या देणगीच्या तोडीचं होईल. सरकारी पैसे उशिरा मिळतात, म्हणून तेवढ्या काळासाठी थोडं खेळतं भांडवल तुमच्या निधीतून बाजूला ठेवावं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं आवाहन छोटं ठेवा. साधारण असं लिहिता येईल :

"मचाकोसजवळच्या केंद्रात अंध तरुण विणकाम शिकतात. शिकून घरी गेल्यावर त्यांच्याकडे मशीन नसतं, लोकर नसते, गिऱ्हाईक नसतं. अशा इतक्या जणांना पहिल्या वर्षाची साधनं आम्ही देणार आहोत. एकाचा खर्च इतके शिलिंग, त्याचा तपशील सोबत आहे. तुम्ही दोन प्रकारे मदत करू शकता : देणगी देऊन किंवा ऑर्डर देऊन. ऑर्डर दिलीत तर वस्तू चांगली मिळेल, नाही आवडली तर परत घेऊ. वर्षअखेरीस कुणाचं काम चाललं आणि कुणाचं नाही, दोन्ही तुम्हाला कळवू."

शेवटचं वाक्य वगळू नका. कुणाचं तरी काम चालणार नाही हे नक्की. कुणी मशीन विकेल, कुणाचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी जाईल, कुणाला विणकाम आवडणारच नाही आणि तो कोंबड्या पाळेल. तसं झालं तर तसं लिहा. देणारी माणसं समजूतदार असतात, आणि खरं कळवणाऱ्याला दुसऱ्या वर्षी पुन्हा देतात.

फोन करून झाले आणि एका माणसाच्या खर्चाचा हिशेब मांडून झाला, की तो मला पाठवा. मशीनच्या आणि लोकरीच्या किमती मचाकोसच्या बाजारातून दोन दुकानांत विचारून लिहा, नैरोबीतल्या नकोत. मी आकडे बघून देईन आणि फराळाच्या टोपल्यांची ऑर्डर तोवर दिलेली असेल असं धरून चालेन.